ट्रेविना यंत्र

भातलावणीचं यंत्र विकणाऱ्या दुकानदारानं मला फसवलं. मी घासाघीस करून किंमत पाडली, तेव्हा त्यानं रोपांचे ट्रे गुपचूप सौद्यातून काढले. यंत्राला ट्रेमध्ये चटईसारखी वाढवलेलीच रोपं लागतात, हे तो बोललाच नाही.

राधानगरीच्या रानात मी नेहमीसारखा वाफ्यात भाताच्या रोपांचा तरवा टाकला आणि लावणीच्या बायकांना तोंडावर सांगितलं, "यंदा तुमची गरज न्हाय." उपटलेली रोपं यंत्रात घातली, तर ती मोडून चिखलात आडवी पडली. तोवर बायका दुसऱ्यांच्या शेतात गेलेल्या. बोलवायला गेलो, तर त्यांतली म्हातारी म्हणाली, "मालक, आता यंत्रालाच वाकायला सांगा की!"

तरवा वाफ्यातच पिवळा पडला. शेत रिकामं राहिलं.

दुकानदार म्हणतो, "पावणं, तुम्ही इचारलंच न्हाय."

जे ठाऊकच नव्हतं, ते मी विचारणार कसं? त्यानं माझ्या बांधावर येऊन उत्तर द्यावं.