पाळकाची लेक वाचायला उभी राहते

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या इमारतीत खालच्या मजल्यावर सुमित्रा साळवे राहायची. बाई नगरकडची, हॉस्पिटलात नर्स, आणि हसली की वर माझ्या कपातला चहा हलायचा. चौऱ्याऐंशी साली मी मुलाकडे राहायला आलो, तेव्हा गप्पा मारायला मिळालेलं पहिलं माणूस ती. मला आबा म्हणायची.

तिचे वडील, पुरुषोत्तमराव, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू. ते प्रार्थनेला उभे राहिले की रस्त्यावरचे बैल थबकायचे, असं ती सांगे. मी त्यातले दोन बैल कमी करून ऐकायचो. लेकीचा आवाजही तसाच. पण चर्चमध्ये समोर उभं राहून बायबल वाचायची तिची हौस राहूनच गेली. बायकांनी चर्चच्या मंडळीत गप्प राहावं, असं बायबलातल्या पौलाच्या पत्रात आहे. वडिलांच्या लेखी विषय तिथं संपला.

इथल्या चर्चमध्ये पाळक चक्क बाई निघाल्या. त्या म्हणाल्या, पौलानं ते त्या काळात, एका भांडकुदळ गावच्या मंडळीला लिहिलं. कोण, कुणाला, का लिहितंय हे बघून वाचायचं. सुमित्रा महिनाभर ते पत्र पुन्हापुन्हा वाचत राहिली. "आबा, पटतंय," म्हणाली, "पण मला हवं तेच मी पटवून घेतेय का?"

पुढच्या ईस्टरला ती उभी राहिली आणि मराठीतून वाचलं: येशूची शिष्या मरीया त्याच्या कबरीकडे जाते, आणि येशू उठल्याची बातमी पुरुषांना तीच सांगते. मीही गेलो होतो, मुलाचा कोट घालून. गोऱ्या मंडळींना अक्षर कळलं नाही, पण जागचं कोणी हललं नाही. बाहेर सगळे तिचा हात हातात घेत होते, आणि ती मला म्हणाली, "तुम्ही सोडून, ज्यांना कळलं असतं ते इथं नाहीत."

तेव्हा फोन महाग, लोक कॅसेटवर बोलून पाठवायचे. तिनं वाचन टेप करून वडिलांना धाडलं. उत्तराची कॅसेट आली ती जूनमध्ये. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात ऐकत बसलो. विहिरीचं पाणी, शेजाऱ्यांची खुशाली, हरवलेला बोकड सापडला. वाचनाबद्दल चकार शब्द नाही. ती बंद करणार, तेवढ्यात पुरुषोत्तमराव खाकरले.

"पौलानं लिहिलंय ते लिहिलंय, सुमे. चर्चमध्ये नको. पण मला आता अंथरुणातून उठवत नाही. ये, आणि माझ्या खाटेशी बसून वाच."

"हा होकार की नकार, आबा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बोलावलंय ना? मग जा की."

रजा नाताळातच मिळणार होती. त्या उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या, आणि संध्याकाळी खालून तिचं वाचन वर यायचं. ईस्टरचा तो दणदणीत आवाज नव्हे. हाताच्या अंतरावर पडलेल्या माणसाला ऐकू जाईल, एवढाच.