दोन्ही आकडे हद्दीत, तरी मिल बंद

प्रा. दिगंबर कौठाळे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आधी एक तक्रार नोंदवणे मी कर्तव्य समजतो. सरांच्या शेजारी बसून मनुष्यमात्राला शेंगदाणे खाता येत नाहीत. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत आमची पहिली ओळख झाली. लोह्याला मी पुडी घेतली आणि शिष्टाचार म्हणून पुढे केली. सरांनी माझ्याच वर्तमानपत्रावर किडके, फुटके, सालीचे असे ढीग मांडले. अहमदपूर आले तेव्हा दाणे तपासून झाले होते, खायचे राहिले होते.

या गौरवग्रंथासाठी मी लेख लिहावा, हा आग्रह सरांच्या डॉक्टर कन्या सुनीताताईंचा. सरांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी, एवढाच त्यांचा हेतू; ते माझे तरी ऐकतील, ही आशा.

सर संख्याशास्त्राचे, मी संस्कृतचा, महाविद्यालय एकच. अनेक प्रकारचे दोष एकाच वेळी मोजायचे आणि काम बिघडू लागले आहे का, हे वेळीच ओळखायचे, हा सरांचा विषय. मी कुतूहलाने विचारले, "प्रत्येक दोष वेगळा पाहून भागत नाही का?" उत्तर न देता सर मला लातूरला मल्लिनाथअप्पांच्या दालमिलमध्ये घेऊन गेले. तिथे थोड्या थोड्या वेळाने परातभर डाळ काढून तुकडे किती, साल न निघालेले दाणे किती, हे मोजत. सरांनी सकाळपासूनचे आकडे पाहिले.

"अप्पा, मिल थांबवा."

"कामून? तुकडे हद्दीत हायत, सालीचेबी हद्दीत हायत. तुमचं बरं हाय सर, घंटा झाली की तास संपला. माझे हमाल बसून राहतेत."

"रोलर आवळला की साल निघते, तुकडे वाढतात. ढिला केला की उलटं. एक वाढला की दुसरा घटायला हवा; आज दोन्ही थोडे थोडे वाढलेत. हद्दीत आहेत, पण संगनमतानं वाढलेत."

अप्पांनी कुरकुरत रोलर उघडायला लावला. तो एकाच टोकाला झिजला होता. तिकडे साल राहत होती, दुसरीकडे दाणे फुटत होते. "लई खोडीचा मानूस हाय," अप्पा मला म्हणाले आणि सरांसाठी दुसरा चहा मागवला. आमच्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य, म्हणजे नेहमी बरोबर असणे, शिकवतात. ते डाळीतही असते, हे मला त्या दिवशी समजले.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सरांनी न सांगता माझे वर्ग सांभाळले. श्लोकातले लघु-गुरू मोजून त्यांनी फळाभर आलेख काढला. विद्यार्थी अजून तोच तास आठवतात. माझा एकही नाही.

हल्ली जिना चढताना सरांना थोडा दम लागतो. पायांवर थोडी सूज असते. जेवण थोडे कमी झाले आहे. मी विषय काढला, तर म्हणाले, "दम वयाचा, सूज बसून राहण्याची, आणि जेवण उन्हाळ्यात कमीच असतं. घाबरण्यासारखं काय आहे, शास्त्रीबुवा?" प्रत्येक लक्षणाला त्यांनी स्वतंत्र कारण देऊन वाटेला लावले. दुसऱ्या कोणी असे केले असते, तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

सरांना दीर्घायुष्य लाभो, असे या ग्रंथात सगळेच लिहितील. माझे मागणे लहान आहे. सर, येत्या सोमवारी ताईंबरोबर तपासणीला जा. तुम्हाला चिडवत मी इतकी वर्षे काढली, पण हे लिहिताना चेष्टा सुचत नाही. मला भीती वाटते आहे.