पालथा चमचा

ही हकिगत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा वही उघडली आणि दोन्ही वेळा तीत किराणा सामानाची यादी लिहून मिटली. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. अक्षर अजून वाचता येतं, तोवर लिहून टाकतो. अख्ख्या बेळगावात ब्रेड पुडिंग करावं तर आमच्या शेजारच्या अण्णांनी. बाकीचे लोक करतात तो गोड भिजवलेला पाव. आणि अख्ख्या बेळगावात ब्रेड पुडिंगला घाबरणारा माणूस एकच, तो मी.

आम्ही राहतो ते टिळकवाडीच्या टोकाला, जिथे बंगले संपून बैठी घरं सुरू होतात. अण्णांची आणि आमची भिंत एकच. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, आणि अण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे भरून. उभा जन्म वाळूचे साचे करण्यात आणि त्यांत रसरशीत लोखंड ओतण्यात गेल्यामुळे त्यांना सगळं जगच ओतीव वाटायचं. कुणाच्या लग्नाला गेले की आहेराच्या समया बोटाने वाजवून बघत आणि यजमानाच्या तोंडावर सांगत, "ह्यात आत पोकळी हाय." बाजारात कलिंगडवाला त्यांना बघून गाडा पुढे ढकलायचा. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर यांनी स्वतःच छातीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "आवाज दबका येतोय, डॉक्टर. वाळू वली राहिलीया." डॉक्टर हसले. पुढे आलेल्या रिपोर्टाचा अर्थही साधारण तोच होता, छातीत पाणी.

त्यांचं पुडिंगसुद्धा फाउंड्रीच्याच पद्धतीने व्हायचं. पाव शनिवारी आणायचा आणि रविवारी वापरायचा, कारण ताजा पाव "दूध पितो, पन धरून ठेवत न्हाय". दूध कोमट, त्यात अंडी, साखर, जायफळ आणि मूठभर बेदाणे. ॲल्युमिनियमच्या डब्याच्या तळाशी साखर जाळून तिचा तांबूस पाक फिरवायचा आणि त्यावर पावाचे काप असे रचायचे की मधे हवा अडकता कामा नये. मग मोठ्या पातेल्यात वाळू, ही खास फाउंड्रीतून आणून सात पाण्यांनी धुतलेली, तिच्यात डबा गळ्यापर्यंत पुरायचा आणि मंद गॅसवर तासभर ठेवायचा. त्या तासात स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. मी एकदा शिंकलो तर अण्णांनी मला अंगणात काढलं. शेवटी डबा ताटात पालथा घालून वर एकच थाप मारत आणि कान लावून ऐकत. "सुटला," म्हणत. पुडिंग सबंध बाहेर येई, वर चकाकणारा पाक, आणि कुठे एक छिद्र नाही.

हे सगळं ते शिकले वहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. वहिनी सदलग्याच्या, माहेरची बोली कानडी. लग्नानंतर अण्णांनी त्यांना कॅम्पातल्या एका बेकरीत नेलं, तिथे त्यांनी पहिल्यांदा पुडिंग खाल्लं आणि बशी बोटाने पुसून घेतली. त्या त्याला जन्मभर 'पुट्टिंग' म्हणाल्या. खाऊन झालं की चमचा बशीत पालथा ठेवायच्या, माशी बसू नये म्हणून. एके दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अण्णांची कामावर जायची वेळ. वहिनी म्हणाल्या, नुसतं दाखवून यायचंय, आणि माझ्या बायकोबरोबर रिक्षात बसल्या. बसताना नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बर्तेन्री." म्हणजे येते हं. आपल्याकडे मराठी असो की कानडी, घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. अण्णा "ये" म्हणाले आणि भट्टीवर गेले. वहिनी संध्याकाळी दवाखान्यातच गेल्या.

दुसऱ्या कुणी तो शब्द रिवाज म्हणून सोडून दिला असता. अण्णांनी धरून ठेवला. "तिनं येते म्हणून सांगितलंय, मास्तर. जाते म्हणाली असती तर गोष्ट येगळी." त्यानंतर दर रविवारी, दिवेलागणीच्या आधी, मागच्या पडवीत पाटावर पुडिंगची एक ताटली, त्यावर जाळीचं झाकण, शेजारी चमचा. ताटली ठेवून अण्णा दार नुसतं लोटून दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटापर्यंत फिरायला जात, कारण "म्या समोर असलो तर ती लाजंल". तासाभराने येत. ताटली तशीच असे. ती ते सकाळी गाईला घालत आणि म्हणत, "अजून सवड झाली नसंल."

त्या सुमाराला मला साखरेचा आजार निघाला. बायकोने घरातला गूळसुद्धा कुलपात ठेवला. एका रविवारी मी अण्णांची शिडी परत करायला मागच्या बाजूने गेलो. घरात कुणी नाही. जाळीखाली ती ताटली, आणि जळक्या साखरेचा तो वास. एक चमचा खावा म्हणून मी पायरीवर बसलो. उठलो तेव्हा ताटलीत काही उरलं नव्हतं. खाताना सारखं वाटत होतं की घाई करावी, मागे कुणीतरी आपली पाळी यायची वाट बघत उभं आहे. वळून बघितलं तर दोरीवर अण्णांचा टॉवेल. मी झाकण पुन्हा ठेवलं आणि घरी आलो. चमचा मी पालथा ठेवला होता. जन्मात कधी मी चमचा पालथा ठेवलेला नाही. त्या दिवशी का ठेवला, ते मला आजही सांगता येत नाही.

अर्ध्या तासात अण्णा धावतच आमच्या दारात. पायात एकच चप्पल. "मास्तर! आलती! ती आलती!"

"कोण?"

"कोन म्हणून काय इचारता? चमचा पालथा ठेवून गेलीया की हो!"

माझ्या जिभेवर जायफळ होतं. त्या क्षणी बोललो असतो तर दोघं हसलो असतो, किंवा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या आणि वर उरलेलं पुडिंग दिलं असतं. माझी बायको पदराने डोळे पुसत होती. मी म्हणालो, "बरं झालं, अण्णा."

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. आधी जिभेसाठी, मग अण्णांसाठी, असं मी स्वतःला समजावत असे. माणूस टवटवीत झाला होता. दाढी करू लागला, पडवीला रंग दिला. मी ताटलीत जे ठेवीन त्याचे ते अर्थ लावत. बेदाणे माझ्या कवळीत अडकायचे म्हणून मी बाजूला काढले, तर सोमवारी अण्णा गंभीरपणे म्हणाले, "तिकडं तिचे दात पडल्याले दिसत्यात." पुढच्या रविवारपासून बेदाणे बंद. साखर वाढली म्हणून मी अर्धंच खाल्लं, तर आठवडाभर यांचं जेवण तुटलं. एकट्या म्हाताऱ्यावर लक्ष राहावं म्हणून अण्णांच्या जावयाने मोबाइलवर दिसणारा कॅमेरा पडवीत बसवायचं काढलं, तेव्हा अण्णा असे कडाडले की मी भिंतीपलीकडून ऐकलं, "बाईमानूस येतंय घरात, आणि तुमी क्यामेरा लावताय? लाजा वाटू द्यात!" जावई निपाणीचा, सरळ माणूस. त्याने मुकाट्याने स्क्रू काढले. मी वाचलो.

एका रविवारी मी लवकर पोहोचलो आणि जास्वंदीच्या आड थांबलो. अण्णा अजून पडवीत होते, ताटलीसमोर मांडी घालून. बोलत होते. "त्या दिवशी म्या यायला पायजे हुतं गं. भट्टी लागलीती. लोखंड पातळ झालं की सोडता येत न्हाय, असं वाटलं. सोडता आलं असतं. कुनी बी वतलं असतं. चुकलं माझं." मग हात जोडून उठले आणि फिरायला गेले. ती माफी मी झुडपाआडून ऐकली. आणि मग, खोटं कशाला लिहू, मी पायरीवर बसून पुडिंगही खाल्लं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, यांनी आता एकटं राहू नये. निपाणीहून लेक न्यायला आली. अण्णा हलेनात. "ती आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? माघारी जाईल ती. म्या न्हाय येत." लेक आमच्याकडे येऊन रडली. "काका, तुमचं ऐकत्यात ते. तुमी तरी सांगा की." सांगायचं होतं ते एक वाक्य होतं. मी म्हणालो, "बघतो."

मी पळवाट काढली. आपण खाणंच बंद करावं. ताटली दोन-चार रविवार भरलेली राहिली की अण्णा आपोआप निघतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. नेमकं सदलग्याला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. शनिवारी मी बायकोला घेऊन गेलो आणि सोमवारी सकाळी परतलो. अण्णा फाटकातच उभे होते. चेहरा पडलेला असेल म्हणून मी मनाची तयारी केली होती.

"काल लौकर आलती," अण्णा म्हणाले. "म्या गेटापत्तोर बी न जाता मधनंच फिरलो. येऊन बघतोय तर ताटली चाटूनपुसून सफा."

"चमचा?" मी विचारलं.

"पालथा. आनि कसा असनार?"

मांजर असेल, असं मी दिवसभर स्वतःशी म्हणत होतो. पुढच्या रविवारी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत उभा राहिलो. तिथून त्यांची पडवी पुरती दिसते. अण्णांनी ताटली मांडली, झाकण ठेवलं आणि गेले. कोपऱ्यापर्यंत त्यांची काठी वाजत गेली. उजेड होता. मांजर आलं नाही, कावळा आला नाही. वारा नव्हता. मग स्टीलवर चमचा घासल्याचा आवाज आला, ताटली निपटून घ्यावी तसा, हळू आणि निवांत. जाळीचं झाकण जागचं हललं नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जाळीखालची ताटली रिकामी होती. बायकोने आतून विचारलं, "केव्हाधरनं पाणी सोडून ठेवलंय, अंघोळ करताय काय?" मी नळ बंद केला. पाठीवरचं पाणी मात्र नळाचं नव्हतं.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी मी त्या बाजूची खिडकी लावून घेऊ लागलो आणि टीव्हीचा आवाज वाढवू लागलो. अण्णांना सांगण्यासारखं आता काय उरलं, असंही वाटे. आता तर खरंच कुणीतरी येत होतं! पण अण्णा त्या घराला चिकटले ते माझ्या पहिल्या ताटलीमुळे, हे त्याने बदलत नव्हतं. तिथे त्यांची लेक नव्हती, हाकेला माणूस नव्हतं. म्हणायला मी होतो, भिंतीपलीकडे.

पुढे अशाच एका रविवारी तापल्या वाळूचं पातेलं उतरवताना अण्णांचा तोल गेला. पायावर वाळू सांडली, माकडहाड मोडलं. ते भिंत वाजवत होते, असं नंतर म्हणाले. आवाज मी ऐकला होता. चमच्याचा असेल म्हणून टीव्ही आणखी मोठा केला. बायको देवळातून परतली तेव्हा तिने कण्हणं ऐकलं आणि ती धावली.

लेक त्यांना निपाणीला घेऊन गेली. पंधरा दिवसांनी मी बसने गेलो, मनात वाक्य घोटत. हायवेवर तवंदीचा घाट उतरेपर्यंत ते पाठ झालं होतं. अण्णा खिडकीजवळ पलंगावर होते, फार लहान झालेले. मला बघून उजळले. "मास्तर, किल्ली तुमच्याकडंच हाय न्हवं? रविवारचं तेवढं तुमी करा. दुसऱ्या कुनावर भरवसा न्हाय माझा."

"अण्णा," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

त्यांनी डोळे माझ्यावर लावले. फाउंड्रीत साच्याला कान लावून ऐकत असतील तसे ते थांबले. बाहेर लेक कप विसळत होती. वाक्य पुरतं तयार होतं.

"वाळू," मी म्हणालो, "वाळू किती घ्यायची?"

अण्णा खुलले. अर्धा तास सांगत होते. वाळू किती, गॅस किती, पाक केव्हा उतरवायचा, थाप कशी मारायची. दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. लेक दारात उभी राहून हसत होती. ती म्हणाली, किती दिवसांनी बोलले. मी चहा प्यालो आणि शेवटची बस गाठली. पुढच्या आठवड्यात परत जायचं ठरवलं होतं. त्याच्या आधीच फोन आला.

आता मी दर रविवारी पुडिंग करतो. त्यांच्यासारखं होत नाही, मधे छिद्रं पडतात. ताटली अण्णांच्या पडवीत ठेवतो आणि गेटापर्यंत जाऊन येतो. परत आल्यावर काय दिसतं, ते इथे लिहिणार नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि मला तुमच्याशी त्यावर वाद घालायचा नाही. मला फक्त ते वाक्य कुठेतरी लिहून ठेवायचं होतं, जे निपाणीत माझ्या तोंडात तयार होतं. अण्णा, पहिल्या दिवशी वहिनी आल्या नव्हत्या. मी आलो होतो. त्यानंतर कितीतरी रविवार मीच येत होतो. तुम्ही त्यांची माफी मागितली ती मी ऐकली, आणि तुम्ही भिंत वाजवलीत तीही मी ऐकली. माझं चुकलं, अण्णा. मला माफ करा.