माझं अमेरिकेतलं मत

आमच्या घरात अमेरिकेच्या निवडणुकीवरून भांडणं होतात. जावई एका बाजूचा, नात दुसऱ्या बाजूची. मध्यंतरी नातीनं एक खेळ काढला. आजवरच्या तिथल्या निवडणुकांत तुम्हाला मत असतं, तर कुणाला दिलं असतं? मला सोडून सगळ्यांना विचारलं. माझी चौथी झालेली. आजीला अमेरिका कुठं आहे हेही ठाऊक नसेल, असं तिला वाटलं असणार. कुठं आहे ते मला खरंच नीट ठाऊक नाही. पण तिथल्या दोन निवडणुका मी पुऱ्या बघितल्यात आणि माझं मत तेव्हाच ठरलेलं होतं. विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

धान्याचा बाजार मसजिद बंदरातून वाशीला आला, त्याच्या मागोमाग आम्ही सानपाड्याला राहायला आलो. आमचे मालक त्या बाजारात हमाल होते. आम्ही साताऱ्याकडचे, तसे बाजारात निम्मे हमाल तिकडचेच. मालक टोळीचे मुकादम होते, सगळी टोळी त्यांना दादा म्हणायची. टोळी म्हणजे गाड्या भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांचा गट, आणि कुणी कुठल्या गाडीला लागायचं ते ठरवतो तो मुकादम. मुकादमाला पाठीवर पोतं घ्यावं लागत नाही. मालकांचा उजवा गुडघा तेव्हाच गेलेला होता, त्यामुळे आमच्या घरात ह्या गोष्टीला किंमत होती.

समोरच्या दारात आपा राहायची. उरणकडची मुसलमान बाई. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा यायचा. ती मॅट्रिक झालेली होती आणि इंग्रजी तिला चांगलं कळायचं. बिल्डिंगमध्ये केबल पहिल्यांदा तिच्याकडे आली. मी तांदूळ निवडायला घेऊन तिच्याकडे जाऊन बसायची. ती विलायती बातम्या लावायची आणि गोरे लोक काय बोलतात ते मला सांगायची. तिचं सांगणं थोडक्यात असे. एखादा माणूस पाच मिनिटं हात हलवून बोलला, की आपा म्हणे, "मी चांगला हाय, तो वाईट हाय, असा बोलतंय."

ब्याण्णव साली तिथली निवडणूक लागली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो निशाणीचा. आपल्याकडे निशाणी कळल्याशिवाय माणूस कळत नाही.

"एकाचा हत्ती," आपा म्हणाली, "आनि दुसऱ्याचा गाढव."

"गाढव?"

"गाढव."

माझ्या सुपातले तांदूळ सांडायचे बाकी राहिले. "आणि त्या गाढवावर शिक्का मारायला शिकलेली माणसं रांगेत उभी राहतात?"

"उभी रातात, आनि गाढव निवडून पन येतो."

मी हे मालकांना सांगितलं, मालकांनी टोळीला सांगितलं. दोन दिवस बाजारात दुसरा विषय नव्हता. जो वाकून भारी पोतं घेईल त्याला लोक 'अमेरिकेचे साहेब' म्हणायला लागले.

पण नंतर मी विचार केला. आमच्या गावच्या नदीतली वाळू, विटा, माती, सगळं कुंभाराच्या गाढवांनी चढावर आणलं. आमची शाळा बांधली ती त्यांच्या पाठीवर. हत्ती मी फक्त सर्कशीत बघितला, तिथं तो स्टुलावर बसला होता. हमालाच्या बायकोनं गाढवाला हसावं, हे काही बरोबर नव्हतं. म्हणून मी निशाणी बाजूला ठेवली आणि माणसं बघायला लागले.

त्या साली तिघं होते. एक आधीपासून अध्यक्षाच्या खुर्चीवर असलेला म्हातारा, उंच, शिडशिडीत. एक तरणा, गोरापान, लोकांत मिसळून बोलणारा. तो वरातीतल्या बँडवाल्यासारखी पितळी पिपाणी वाजवायचा. तिसरा बुटका श्रीमंत, मोठ्या कानांचा. तो भाषणाऐवजी तक्ते दाखवायचा, शाळेत गुरुजी दाखवतात तसे. मला तिघांचंही कौतुक वाटलं. एका फळीवर तिघं उभे राहतात, समोर बसलेला साधा माणूस उठून प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे उमेदवार जीपमधून हात दाखवून जातो. त्याला प्रश्न विचारायचा तर जीपच्या मागं पळावं लागतं.

मालकांना तरणा आवडला. मी म्हटलं, माझं मत म्हाताऱ्याला. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला असं खाली उतरवायचं नाही. म्हातारा पडला. पडला तो पडला, पण पडल्यावर समोर येऊन उभा राहिला, जिंकणाऱ्याचं नाव घेतलं आणि त्याला चांगलं म्हणाला. तोंड कडू झालेलं दिसत होतं, तरी म्हणाला. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. आमच्या गावात सरपंचकीला पडलेला माणूस वर्षभर पारावर आला नाही, आणि आला तेव्हा भांडायलाच आला.

आपाला मग जुन्या गोष्टी सांगायचा नाद लागला. आधीच्या निवडणुकांत कोण कोण होतं, ते ती सांगायची. एकदा म्हणाली, त्यांचा एक अध्यक्ष भुईमुगाचा शेतकरी होता.

"शेंगांचा?"

"शेंगांचाच."

"मग त्याला दिलं माझं मत. लिहून घे."

"अगो, त्याला सोळा वरसां झाली. एकदा आला, दुसऱ्या वेळेला पडला."

"मग आता काय करतो?"

"हातोडी घेऊन गरिबांची घरां बांधतो. सोताच्या हातानं. मी फोटो बघितला, अंगात घाम, डोक्यावर टोपी."

मी त्या माणसाला मनातून नमस्कार केला. मी सहसा कुणाला करत नाही.

शहाण्णव साली परत निवडणूक आली. आता पिपाणीवाला खुर्चीवर होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारा शिपाईगडी उभा होता. हा म्हातारा कायम उजव्या हातात पेन धरून असायचा. मला वाटलं, ह्याला सारख्या सह्या करायच्या असतात की काय. आपानं सांगितलं, तो हात लढाईत गेला, कामाचा नाही. कुणी हस्तांदोलनाला पकडू नये, म्हणून त्यात पेन ठेवतो. मी त्या दिवसापासून फक्त त्या हाताकडे बघायला लागले. शर्टाची बटणं लावायला ह्याला किती वेळ लागत असेल? आणि तेवढं सगळं करून हा माणूस रोज इस्त्रीच्या कपड्यात उभा राहतो, कुणाला हात दाखवून रडत नाही. माझं मत ठरलं.

आपा हसली. "तू दर वेळेला म्हाताराच निवडतेस."

"म्हाताऱ्याला अनुभव असतो."

"अनुभव काय नाय. तू अमेरिकेत मत नाय देत, तू मार्केटात मत देतेस."

ती खरं बोलली, म्हणून मी उठून घरी आले.

कारण त्याच महिन्यात आमच्या टोळीचा मुकादम नव्यानं निवडायचा होता. मालकांच्या समोर एक तरणा गडी उभा होता. तो आमच्याच तालुक्यातला. त्याला मुंबईला आणला मालकांनी, टोळीत घातला मालकांनी, आमच्या घरी तो सहा महिने जेवला. टोळीत मत द्यायची पद्धत उघडी. दोघं समोर उभे राहतात आणि प्रत्येक जण पोती ओढायचा आपला हूक ज्याला मत द्यायचं त्याच्या पायाशी ठेवतो. मालक पडले असते तर त्यांना परत पाठीवर पोतं घ्यावं लागणार होतं. त्या गुडघ्यावर. मला झोप लागत नव्हती. ते मात्र घोरत होते.

मत संध्याकाळी, काम सुटल्यावर द्यायचं ठरलेलं. त्याच दिवशी सकाळी अमेरिकेचा निकाल होता. दिवाळी तोंडावर होती. माझं घरी लक्ष लागेना, म्हणून बेसन भाजून झाल्यावर परात घेऊन मी आपाकडे गेले आणि तिथंच लाडू वळत बसले. म्हातारा पडल्याचं लवकरच कळलं. मग तो स्वतः समोर आला. पेन होतंच हातात. लोक ओरडत होते, त्यांना हातानं गप्प करत होता आणि बहुतेक एखादा विनोदही करत होता, कारण रडणारी माणसं मध्येच हसत होती.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"दुसऱ्याला नाव ठेवू नका म्हनतोय. आनि उद्यापासून मला काय काम नाय, असा काहीतरी बोलला."

"पडला गं बिचारा," मी म्हटलं.

एवढ्यात खालून आरोळी आली. टोळीतल्याच एका गड्याची बायको तळमजल्यावर राहायची, ती जिन्यातून ओरडत वर आली. "वहिनी! अवो वहिनी! दादा पडले!"

सकाळपासून तोच शब्द माझ्या तोंडात होता. पण मला काय कळायचं होतं ते कळलं. बाजारात पोत्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या असतात. आदल्या वर्षी एक गडी थप्पीवरून पडला होता, त्याची कंबर कायमची गेली. हमालाच्या घरी 'पडला' म्हणून निरोप आला, की बाई दुसरं काही विचारत नाही. मी बेसनाच्या हातानंच जिना उतरले. आपानं टीव्ही चालू ठेवला, दार तसंच टाकलं आणि माझ्यामागं धावली. रिक्षात तिनं माझा हात धरला, तर तिच्या हाताला तूप लागलं.

बाजारात पोचलो, तर गाळ्यासमोर कळंबोलीहून आलेल्या ट्रकांची रांग लागलेली. मी पहिल्याच गड्याला धरलं.

"कुठं पडले? कुठल्या दवाखान्यात नेलं?"

त्यानं ट्रककडे बोट केलं. "दवाखान्यात कशाला? ते काय तिथं."

मालक ट्रकच्या फळीवरून पाठीवर पोतं घेऊन उतरत होते. सावकाश, डावा पाय आधी टाकत. पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि मला बघितलं.

"तू का आलीस? आन् हाताला काय लागलंय?"

"तुम्ही पडला म्हणून सांगितलं!"

"पडलोच की. सकाळीच उरकलं. एवढ्या गाड्या आल्या, संध्याकाळी कोण थांबणार? हूक टाकलं, मोजलं, पडलो."

आधी आपाला समजलं. ती पोत्याला टेकून हसायला लागली, मग टोळी हसली. एक जण म्हणाला, "वहिनी, दादा थप्पीवरनं न्हाई, इलेक्शनला पडल्यात!" मला हसू आलं नाही. मी तिथंच मालकांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जिवंत आहेत म्हणून बोलले आणि पाठीवर पोतं आहे म्हणूनही बोलले.

मग तो तरणा पुढं आला. मान खाली. "काकू, दादांनी स्वतःचा हूक माझ्याच पायाशी ठेवला. सगळ्यांच्या आधी."

"व्हय?" मी मालकांकडे वळले. "अमेरिकेतसुद्धा माणूस स्वतःचं मत स्वतःला देतो!"

"त्यास्नी दिऊ दे," मालक म्हणाले. "ह्यो गडी माझ्यापरीस बरं काम लावतो. दोन वर्सं म्या उभा राहून नुसता बोलतोय, पोरं वैतागल्यात. मला काय दिसत न्हाई व्हय?"

तरणा मालकांकडे वळला. टोळी ऐकत होती. "दादा, उद्यापासून तुम्ही फाटकी पोती शिवा. बसून काम हाय."

मी मनात म्हटलं, आता हे नाही म्हणणार. माझ्या बापानं नाही म्हटलं असतं, सासऱ्यानंही नाहीच म्हटलं असतं. कालच्या मुकादमानं आज सगळ्यांसमोर खाली बसून पोती शिवायची. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचला.

मालक म्हणाले, "बरं. आज गाड्या उभ्या हायत, आज पाठीवर घितो. उद्याला चांगलं दाभण आणून ठेव. तुमच्यातलं दाभण बोथट हाय." आणि परत ट्रककडे गेले.

त्या माणसाशी मी बत्तीस वर्षं संसार केला होता. त्यांनी पानात मीठ जास्त म्हणून ताट सरकवलेलं बघितलं होतं, भावकीत भांडलेलं बघितलं होतं. हे कधी बघितलं नव्हतं. परदेशातले मोठे लोक पडल्यावर कसं वागतात ते बघायला मी दोन निवडणुका दुसऱ्याच्या घरी बसले होते.

रात्री ते जेवायला बसले. गुडघ्याला मी गरम कापड बांधलं. मग मलाच राहवलं नाही. म्हटलं, "खरं सांगू का? मला मत असतं, तर मीही त्या पोरालाच दिलं असतं."

त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. "मग तिकडं त्या म्हाताऱ्याला का देत हुतीस?"

"तिथं तुमचा गुडघा नव्हता," मी म्हटलं. "इथं होता, आणि तो त्या पोरानं सांभाळला."

ते हसले. भाकरी आणखी अर्धी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा आधी निघाले. पोती शिवणाऱ्याला गाडी लागायच्या आत जागेवर बसावं लागतं.