शिंजिराचं घरटं

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दिंडोरीला माझी द्राक्षबाग होती आणि छाटणीला सुरगाण्याकडचे मजूर यायचे. त्यातला एक काटकुळा माणूस प्रत्येक वेल छाटण्याआधी हाताने पानं सारून आत बघायचा. मी म्हणायचो, "वेलीत बायको लपलीय का रे तुझी?" बाकीचे हसायचे, तो हसायचा नाही.

एकदा तो एका वेलीपाशी थांबला. तारेखाली शिंजिराचं घरटं लोंबत होतं, आत दोन पिलं. फुलातला मध पिणारं ते डोंगरातलं पाखरू. नराची छाती लालभडक.

"मालक, ही एक वेल आठ रोज राहू द्या," तो म्हणाला. "आमचे डोंगरातलं रान तुटलं. हा पण आमचेसारखाच पोटासाठी खाली आला."

एवढ्या बागेत एक वेल राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. पण चार मजुरांदेखत गड्याने मला सांगावं, हे मला सोसलं नाही. मी कात्री घेऊन ती वेल स्वतः छाटली.

घरटं खाली पडलं. त्याने पिलं हातात घेऊन पाहिली, मातीत ठेवली, स्वतःची कात्री माझ्या पायाशी ठेवली आणि चालू लागला. नर तारेवर ओरडत होता. मी बांधापर्यंत मागे गेलो, हाक मारायला तोंड उघडलं, तर त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. महिनाभर माझ्याकडे राबला होता.

चुकलो, हे मी आजवर कोणाला बोललो नाही. ज्याला बोलायचं, त्याला कोणत्या नावाने शोधू?