मीठ अर्धा चमचा

पहिला कॉलरा आला तेव्हा योलेटने संगणकावर स्लाइड शो बनवला होता. पाणी कसं उकळायचं, साखर-मिठाचं पाणी कसं करायचं, सगळं चित्रांत. जेरेमी शहरातल्या दवाखान्यातली ही बोलघेवडी नर्स पांढरी चादर टांगून डोंगरात गावोगाव तो दाखवत फिरली. तिच्या नकलांना बायका पोट धरून हसायच्या आणि सांगितलेलं लक्षात ठेवायच्या.

कॉलरा परत आला तेव्हा वर जायची सोय उरली नव्हती. पूल पुरात गेला होता आणि दुसऱ्या वाटेवर बंदूकवाले बसले होते. वरच्या गावातून धाकट्या बहिणीचा, इस्मेनचा फोन आला.

"ताई, शेजारच्या लिनच्या पोरीच्या पोटात पाणी ठरत नाहीये. लिनची सासूही आडवी झालीय. ये ना."

"कशी येऊ गं?"

"मग ती चादरीवरची चित्रं तरी पाठव. फोनवर बघू."

योलेट आन्तेनोरच्या दुकानात धावली. म्हातारा सोलरवर लोकांचे फोन चार्ज करून द्यायचा, त्याच्याकडे संगणक होता. जुनी फाइल उघडताच निम्मी अक्षरं चौकोन होऊन बसली. त्याने जमेल तशी ती नीट केली आणि चित्रांवर तिचा आवाज चढवला.

"मिस, सावकाश बोला. मागे कोणी लागलंय का?"

"लागलंयच."

घाईत ती मिठाच्या चित्रावर एवढंच म्हणाली, "इथे लिहिलंय तेवढंच मीठ." व्हिडिओ इंटरनेटवर चढला. गावकरी तो उतरवून एकमेकांना पाठवू लागले.

सकाळी तिने तो पहिल्यांदा शांतपणे पाहिला आणि मिठाच्या चित्रावर थांबवला. नव्या प्रोग्रामला अर्ध्याची खूण कळलीच नव्हती; १/२ मधला खालचा दोनच तेवढा उरला होता. लिटरभर पाण्यात मीठ, चमचे दोन. आजारी पोराला तेवढं मीठ म्हणजे विषच.

"आन्तेनोर, काढ ते."

"काढतो, मिस. पण लोकांच्या फोनमधून कसं काढू?"

स्लाइडा बाजूला सारून ती कॅमेऱ्यासमोर टेबलाशी बसली. समोर बाटली, साखर, मीठ. "आधीचा व्हिडिओ पुसून टाका," ती म्हणाली. "त्यात माझी चूक झालीय." चमच्यावरचं मीठ सुरीने सपाट केलं, त्यातलं अर्धं परत टाकलं, उरलेलं पाण्यात घातलं. साखरेचे सहा सपाट चमचे मोठ्याने मोजले. आभाळ भरून आलं होतं, बॅटरी उतरत होती, व्हिडिओ चढता चढत नव्हता. इस्मेनचा फोन लागत नव्हता. ते काम आन्तेनोरवर सोडून ती नदीवर गेली आणि पलीकडे दिसेल त्या माणसाला ओरडून सांगू लागली, "मीठ अर्धा चमचा! अर्धाच!" पाण्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू गेलं कोण जाणे. घसा बसल्यावर ती बोटावर बोट आडवं धरून अर्धं दाखवत राहिली.

दुसऱ्या दिवशी इस्मेनचा फोन आला. "दोन्ही व्हिडिओ मिळाले, ताई. पहिल्याचं पाणी मी चाखलं आणि थुंकले. पाणी अश्रूंपेक्षा खारट नको, तूच म्हणायचीस. मग दुसरा बघून केलं. पोरगी उठून बसलीय."

"आणि सासू?"

"गेली काल."

"तिला कुठलं पाणी दिलं होतं?"

"तिला धाकट्या मुलाने आपल्या घरी नेलं होतं. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

वाट मोकळी होताच योलेट त्या मुलाच्या दारात उभी राहिली. त्याने खुर्ची दिली, बायकोने कॉफी आणली. योलेटने विचारलंच.

"आईने काही घेतलंच नाही, मिस," तो म्हणाला. बोलताना तो बाहेर बांधलेल्या बकरीकडे बघत होता. "तोंडच उघडलं नाही तिने."

तिने पुन्हा विचारलं नाही. कॉफी संपवली, म्हातारीच्या थडग्यापाशी थोडा वेळ बसली आणि डोंगर उतरली.

व्हिडिओ ती अजूनही करते. पण आन्तेनोरने पडद्यावरचा शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय एकही वर चढू देत नाही. तो कुरकुरतो, तरी वाचतो.