जावयाच्या नावावरचे पापड

वेबसाइट बनवायला कोणी दुकानात आलं, की मी रंग कोणता, फोटो किती, असं विचारायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून सवाल यायचा, "डोमेन कोणाच्या नावावर हाय?" विचारणारे फेरफार काका. निवृत्त तलाठी. जमिनीवरचं एक नाव उतरवायचं आणि दुसरं चढवायचं, यातच नोकरी गेली, म्हणून हे नाव पडलं. अमरावतीतलं ते दुकान त्यांच्याच घराचं. भाडेकरू मी, पण दिवसभर बसायचे ते.

मी वलगावचा. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला, आणि हे मी लपवत नाही. प्रमाणपत्र दुकानात समोरच टांगलं होतं. काकांनी ते उभं राहून पूर्ण वाचलं आणि डोमेन म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, इंटरनेटवरचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, मुदतीपुरता आपला. मुदत वाढवली नाही तर दुसरा कोणीही घेऊन टाकतो. काकांना संगणक सुरू करता येत नव्हता, पण ते म्हणाले, "म्हंजे मालकी नोय, वहिवाट हाय." मी तीन वर्षं शिकलेलं त्यांनी दोन शब्दांत उरकलं, याचा मला थोडा रागच आला.

एका दुपारी दर्यापूरच्या सुनंदाताई आल्या. मुगाच्या पापडांचा त्यांचा धंदा. प्रत्येक पाकिटावर वेबसाइटचं नाव छापलेलं, पुण्याची गिऱ्हाइकं तिथूनच मागवायची. मुदत सहा दिवसांत संपत होती आणि डोमेन होतं अकोल्याच्या जावयाच्या नावावर. जावयाने मागितलं नव्हतं. पहिला मान जावयाचा, म्हणून ताईंनीच त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून दिला होता. आता मुदत वाढवायची तर कोड जाणार त्यांच्या मोबाइलवर, आणि ते धाकट्या मुलीच्या लग्नापासून रुसलेले. मांडवात त्यांना फेटा बांधायचा राहून गेला होता. तेव्हापासून फोन उचलत नव्हते.

मी म्हटलं, दुसरं नाव घेऊ. काका असे बघायला लागले, की मलाच ते प्रमाणपत्र खाली उतरवावंसं वाटलं. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव उद्या भलत्यानेच उचललं तर पाकिटं कोणाची, असं विचारून त्यांनी टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने अकोल्याला गेलो. काकांनी बाजारातून एक फेटा घेतला. जावयांकडे चहा झाला, पाऊसपाणी झालं, सोयाबीनचा भाव झाला. डोमेनचा विषय कोणी काढेना. मग काका उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने जावयांना फेटा बांधला. ताईंनी कुंकू लावलं. जावई ताठच बसले होते, पण टीव्हीच्या काचेत त्यांनी एकदा बघून घेतलं.

"जावईबापू," काका म्हणाले, "तुमचा मान घरात हाय, तो कोणी काढून नाही राहिलं. पुन्हा रुसाले वाटलं त रुसा, तुमचा हक हाय. पण तुमी रुसले म्हणून ताईनं लाटणं काहून खाली ठेवावं?"

जावयांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मी आधी मुदत वाढवली, मग मालकाचं नाव बदलायला घेतलं. ताई म्हणाल्या, आमच्या ह्यांचं टाका. काकांनी एवढंच विचारलं, पापड कोण लाटतं? ताईंनी पदर सावरला आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, थांबत थांबत. स्क्रीनवर ते उमटल्यावर त्या बघत राहिल्या.

"आता कोणी रुसलं त हे बंद नाही ना पडत?"

"तुमी सोता रुसल्या त पडन," काका म्हणाले. सगळ्यांत आधी हसले ते फेट्यातले जावई.

पुढे काका मुलाकडे नाशिकला राहायला गेले. करमत नाही असं म्हणत नाहीत, पण महिन्याच्या एक तारखेला फोन करून कोणाकोणाची मुदत आली ते विचारतात. एकदा मी सांगून बसलो, सगळ्यांची वाढवून झाली, काका. "बरं" म्हणून काकांनी लगेच फोन ठेवला. हे मी सुनंदाताईंना सांगितलं. तेव्हापासून ताईंच्या डोमेनची मुदत मी आधी वाढवत नाही. काका फोनवर "कर गड्या" म्हणतात, मगच करतो. तसा ताईंचाच हुकूम आहे, आणि डोमेन त्यांच्या नावावर आहे.